मे वेस्टचा शेवटचा चित्रपट ‘सेक्सटेट’: दाखवायचा का, आणि दाखवायचा तर कसा?

पिटातला प्रेक्षक

आमच्या चित्रपट मंडळाच्या पुढच्या सत्राचा विषय आहे ‘नटनट्यांचे अखेरचे चित्रपट’. यादीत हॉलिवूडची नटी मे वेस्ट हिचा ‘सेक्सटेट’ (१९७८) घातला आणि समितीत सरळ दोन तट पडले.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मार्लो मॅनर्स ही जगप्रसिद्ध नटी सहाव्यांदा लग्न करून लंडनच्या हॉटेलात मधुचंद्राला उतरते. त्याच हॉटेलात आंतरराष्ट्रीय परिषद चालू असते, आधीचे नवरे एकामागून एक टपकतात, तिच्या आठवणी ध्वनिमुद्रित केलेली टेप हरवते, आणि शेवटी जागतिक शांतता तिच्याच मोहिनीवर अवलंबून राहते. चित्रीकरणाच्या वेळी मे वेस्ट ८३ वर्षांची होती. नवरा झालेला टिमथी डाल्टन तिशीचा.

एका तटाचं म्हणणं, ही म्हाताऱ्या नटीची विटंबना आहे. प्रेक्षक तिच्याबरोबर हसत नाहीत, तिला हसतात. दुसऱ्या तटाचं म्हणणं, हा भडकपणा, हा कृत्रिमपणा, हा अतिरेक हीच या चित्रपटाची भाषा आहे. याला ‘कँप’ म्हणतात, आणि ती भाषा घडवणाऱ्यांत मे वेस्ट अग्रभागी होती.

जाणकारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत.
१. पडद्यावर नेमकं काय चाललंय? तिचे शॉट धूसर का, आणि प्रत्येक वाक्याआधी ती क्षणभर थांबते का?
२. तिला कोणी वापरून घेतलं, की सूत्रं तिच्याच हातात होती?
३. दाखवायचा ठरला तर आधी काय दाखवावं, प्रास्ताविकात काय सांगावं, प्रक्षेपणात काय सांभाळावं? प्रेक्षक साठेक असतील आणि निम्म्यांनी तिचं नावही ऐकलेलं नाही.

---

भिंगवाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

छायाचित्रण जेम्स क्रेब यांचं आहे. ‘रॉकी’ (१९७६) त्यांनीच चित्रित केला. तेव्हा हे धूसरपण नवशिकेपणाचं नाही, ठरवून केलेलं आहे.

चेहऱ्यावरची सुरकुती दिसते ती तिच्या सावलीमुळे. दिवा बाजूला गेला की प्रत्येक घडीला एक काळी कड येते. म्हणून वय लपवायचं असेल तर मुख्य दिवा समोर, भिंगाच्या जरा वर, शक्य तितका मोठा आणि मऊ ठेवतात आणि बाजूचा प्रकाश जवळपास काढून टाकतात. त्यावर भिंगापुढे डिफ्यूजन फिल्टर (प्रकाश पसरवून चित्र मऊ करणारी काच) किंवा भिंगामागे ताणून बसवलेली बारीक जाळी. यातून बारीक रेषा विरतात, पण किंमत मोजावी लागते. पांढरे भाग फुटतात: टिकल्या, सोनेरी केसांचा टोप, फिकट पलंगपोस, सगळ्यांभोवती दुधाळ वलय येतं. काळा रंग करडा होतो. चेहऱ्यातली हालचालही पुसली जाते, आणि विनोदी नटीच्या बाबतीत हा मोठा तोटा आहे, कारण तिचा अर्धा विनोद भुवईत असतो.

त्याहून मोठा घोटाळा सांधेजोडीचा. संवादाच्या प्रसंगात डाल्टनचा क्लोजअप स्वच्छ, मग तिचा क्लोजअप धुक्यात, मग पुन्हा डाल्टन स्वच्छ. प्रत्येक कटला डोळ्याला ठेच लागते आणि जे लपवायचं होतं तिकडेच लक्ष जातं. १९३३ साली हीच युक्ती खपून जायची, कारण कृष्णधवल फिल्म होती, भिंगं मुळातच मऊ होती आणि सगळा चित्रपटच एका पोताचा असायचा. १९७०च्या दशकातल्या रंगीत फिल्मवर तो सांधा उघडा पडतो. यावर एक ठरलेला उपाय आहे: तिच्या शॉटला पूर्ण डिफ्यूजन, त्याच प्रसंगातल्या इतरांना निम्मं, आणि दोघांच्या एकत्र शॉटला मधलं. इथे ते सातत्याने पाळलेलं नाही.

आता तो विराम. केसांच्या टोपात लपवलेल्या छोट्या श्रवणयंत्रातून तिला वाक्यं सांगितली जात. आधी ऐकायचं, मग म्हणायचं. त्यामुळे दोन गोष्टी होतात. उत्तर अर्धा ठेका उशिरा येतं, आणि ऐकत असताना नजर समोरच्याच्या डोळ्यांतून निघून हवेत स्थिरावते. संकलक हा विराम कापू शकतो, पण समोरच्याचा वेगळा शॉट मध्ये घालायला असेल तरच. दोघं एकाच चौकटीत असली की विराम जसाच्या तसा राहतो. पाहताना पडताळून बघा: दोघांच्या लांब शॉटमध्ये ती अडखळल्यासारखी वाटते आणि गाण्यांत एकदम सावरते. गाणं आधी ध्वनिमुद्रित केलेलं असतं, त्याचा ठेका तिच्या अंगात मुरलेला असतो, कानात कुणी बोलत नसतं.

तिसरी गोष्ट चालणं. ती जेमतेम पाच फूट उंच. पायात फार जाड तळांचे बूट, वर जमिनीपर्यंत लोळणारा घोळदार पोशाख. कपडे एडिथ हेड यांचे, ज्यांनी १९३३च्या ‘शी डन हिम राँग’साठीही तिचे कपडे केले होते. तिची प्रसिद्ध डुलती चाल असल्या बुटांवर तोल सांभाळतच घडलेली आहे, ती काही म्हातारपणाची चाल नव्हे. वयाने फक्त पावलांची संख्या कमी झाली. ‘सेक्सटेट’मध्ये ती उभी किंवा बसलेली असते आणि बाकीचे तिच्याभोवती फिरतात. चौकट नीट पाहिली की कळतं, सगळी हालचाल इतरांकडून करून घेतली आहे.

श्रवणयंत्रात पोलिसांच्या वायरलेसचा आवाज मिसळला आणि तिने तेच वाक्य म्हणून टाकलं, असा एक किस्सा टोनी कर्टिसच्या नावावर फिरतो. प्रास्ताविकात तो सांगू नका. सांगितलात की पुढचा दीड तास लोक फक्त तेच शोधत बसतील.

---

तिसरी घंटा

दुसरा प्रश्न. तिला कुणी फसवून आणलं हे म्हणणं इतिहासाला धरून नाही.

‘सेक्सटेट’ची कल्पना तिच्याकडे १९६१पासून होती. शार्लट फ्रान्सिस यांच्या नाटकावर आधारित प्रयोग तिने त्या वर्षी शिकागोत केला होता. १९७०च्या दशकात डॅनिअल ब्रिग्ज आणि रॉबर्ट सलिव्हन हे दोन तरुण निर्माते पैसे घेऊन उभे राहिले, पटकथा हर्बर्ट बेकरने लिहिली, दिग्दर्शन केन ह्यूजने केलं. नटीचं पात्र, तिची वाक्यं, तिची वेशभूषा मात्र तिचीच. या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या हातात सूत्रं दिली नाहीत. १९२६ साली ‘सेक्स’ नावाचं नाटक लिहून ब्रॉडवेवर स्वतः केलं, १९२७ साली त्यापायी दहा दिवसांची शिक्षा झाली, आठ दिवसांनी बाहेर आली आणि त्या बातम्यांचं भांडवल करून १९२८ साली ‘डायमंड लिल’ उभं केलं. त्याचाच चित्रपट म्हणजे ‘शी डन हिम राँग’.

तुमच्या समितीने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिचा पहिला चित्रपट १९३२चा, ‘नाइट आफ्टर नाइट’. त्या वेळी ती ३९ वर्षांची होती. म्हणजे पडद्यावर ती कधी कोवळी नायिका नव्हतीच. बघितलेली, भोगलेली, पुरुषांचा भाव ओळखून असलेली बाई हेच पात्र, आणि तेसुद्धा १८९०च्या दशकातल्या पोशाखात, म्हणजे १९३३च्या प्रेक्षकालाही ते जुन्या काळातलं, मुद्दाम फुगवलेलं चित्र वाटायचं. ‘म्हातारपणी तिने स्वतःचं अर्कचित्र करून घेतलं’ असं म्हणणाऱ्यांनी हे पाहावं. अर्कचित्र ती पहिल्या दिवसापासून होती. बाईचं सोंग घेणाऱ्या पुरुष नटांकडून तिने हावभाव उचलले होते, समलिंगी पुरुषांवर ‘द ड्रॅग’ हे नाटक १९२७ साली लिहिलं होतं. पुढे समलिंगी प्रेक्षकांनी तिला आपलं मानलं त्याची मुळं इतकी जुनी आहेत. ‘सेक्सटेट’लाही सगळ्यात मनापासून दाद त्याच प्रेक्षकांनी दिली.

मधला दुवा बहुतेक लेखांत सुटतो: लास व्हेगास. १९५४ साली, साठीत, तिने सहारा हॉटेलात पिळदार शरीराच्या पुरुषांचा ताफा घेऊन कार्यक्रम सुरू केला. तोपर्यंत रंगमंचावर अर्धनग्न बायकांच्या रांगा असायच्या, तिने पुरुषांची रांग लावली आणि आपण मधून न्याहाळत फिरली. ‘सेक्सटेट’मधला व्यायामशाळेतला खेळाडूंचा प्रसंग हा तोच कार्यक्रम आहे. चोवीस वर्षांनी, कॅमेऱ्यासमोर.

आणखी एक. ‘सनसेट बुलेवार्ड’ (१९५०) मधल्या नॉर्मा डेस्मंडच्या भूमिकेसाठी आधी मे वेस्टला विचारलं होतं, असं त्याचे दिग्दर्शक बिली वाइल्डर सांगत. विस्मृतीत गेलेली, वेडाच्या कडेवर उभी असलेली जुनी नटी, असं ते पात्र. तिने नकार दिला. वयाने हरलेली बाई तिला करायचीच नव्हती. ‘सेक्सटेट’ हा त्या नकाराचाच उरलेला अर्धा भाग आहे असं मला वाटतं. म्हणून चित्रपटात तिचं वय हा जणू विषयच नसतो, आणि सोळाव्या वाढदिवसाचं लोकप्रिय गाणं एकविसाव्याचं करून घेतलं जातं.

तरीही चित्रपट फसला आहे. पण दोष वयाचा नाही, पटकथेचा आहे. १९३३च्या चित्रपटांत तिला अडवणारं कुणीतरी असतं: धर्मोपदेशक, पोलीस, ईर्षेने पेटलेली दुसरी बाई, दगाबाज प्रियकर. तिचं वाक्य म्हणजे त्या अडवणुकीला दिलेलं उत्तर. ‘सेक्सटेट’मध्ये सगळे आधीच तिच्या पायाशी आहेत. रशियन प्रतिनिधी, गुंड नवरा, दिग्दर्शक नवरा, अख्खा व्यायामसंघ. अडवणारं कुणी नाही, म्हणून वाक्यांना टेकायला भिंत नाही. ती एकामागून एक हवेत सुटतात. पन्नाशीतल्या नटीला घेऊन केला असता तरी हा चित्रपट याच जागी पडला असता.

---

गोदाकाठ

वरच्या दोन्ही प्रतिसादांतली माहिती बरोबर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही.

‘सूत्रं तिच्या हातात होती’ हे १९३३ साली खरं. १९७७ साली वाक्य दुसऱ्याच्या तोंडून कानात येत होतं, मधुमेहाने प्रकृती पोखरली होती. तिची इच्छा होती म्हणून निर्मात्यांची जबाबदारी संपत नाही. आणि नटसंचाकडे बघा: बीटल्सचा रिंगो स्टार, ‘द हू’ या बँडचा कीथ मून, रॉक गायक ॲलिस कूपर, टोनी कर्टिस, जॉर्ज हॅमिल्टन, वॉल्टर पिजन. पोस्टरवर नावांची रास, पडद्यावर प्रत्येकाला दोन-चार मिनिटं. पटकथेवर खर्च व्हायचे श्रम नावं गोळा करण्यात गेले. सहनटांना खरं काम दिलं असतं तर तिच्यावरचा भार हलका झाला असता. डॉम डिलुईसच्या वाट्याला व्यवस्थापकाची बरी भूमिका आली आणि जिथे जिथे तो आहे तिथे चित्रपट चालतो, हे त्याचंच प्रमाण.

अमेरिकी लेखिका सुसान सोन्टॅग यांनी १९६४च्या लेखात कँपचे दोन प्रकार वेगळे केले: नकळत झालेला आणि ठरवून केलेला. पहिला त्यांना अधिक समाधान देणारा वाटतो, कारण तो पूर्ण गांभीर्याने केलेला असतो. तुमच्या सत्रासाठी मी त्या प्रकारातला ‘ट्रॉग’ (१९७०) सुचवेन. जोन क्रॉफर्डचा मोठ्या पडद्यावरचा शेवटचा चित्रपट. इंग्लंडमध्ये गुहेत जिवंत सापडलेल्या आदिमानवाला ती शास्त्रज्ञ माणसाळवू पाहते. आदिमानव झालेला जो कॉर्नेलियस हा कुस्तीगीर, डोक्यावर दुसऱ्या चित्रपटातून उरलेला माकडाचा मुखवटा, खाली उघडं मानवी अंग, पायात केसाळ जोडे. आठवणींच्या दृश्यात दिसणारे डायनासोर ‘द ॲनिमल वर्ल्ड’ या १९५६च्या चित्रपटातून उचललेले. या सगळ्यात क्रॉफर्ड एकही वाक्य सैल सोडत नाही. मुखवट्याशी बोलताना तिच्या डोळ्यांत खरी कणव आहे. प्रेक्षक मुखवट्याला हसतो आणि तिच्यापुढे गप्प होतो.

तिसरं उदाहरण बेटी डेव्हिसचं. ‘विकेड स्टेपमदर’ (१९८९) चालू असताना ती सुरुवातीच्या काही दिवसांतच निघून गेली. दिग्दर्शक लॅरी कोहेनने कथा फिरवली, डेव्हिसच्या चेटकिणीची जागा बार्बरा कॅरेराने घेतली आणि डेव्हिसचे हाती असलेले प्रसंग वापरून चित्रपट पुरा केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती वारली. एकीने चित्रपट आपलाच मानला, दुसरीने वाईट चित्रपटात चोख काम केलं, तिसरी उठून गेली. सत्राला ही तिन्ही हवीत. एकटा ‘सेक्सटेट’ लावलात तर ‘बघा म्हातारी काय करते’ एवढंच लोकांच्या हाती लागेल.

---

नेपथ्य

आपल्याकडच्या प्रेक्षकांना हा पेच नवा नाही. बालगंधर्व उतारवयातही स्त्रीभूमिका करत राहिले. ज्यांनी १९११ची भामिनी आणि १९१९ची सिंधू पाहिली-ऐकली होती त्यांना समोर तीच दिसायची, कारण स्वर लागला की पुढचं काम आठवण करायची. ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं त्या तरुण प्रेक्षकाला शालू नेसलेला वयस्क गृहस्थ दिसायचा. दोघंही प्रामाणिक होते. ‘सेक्सटेट’चे दोन तटही असेच पडतात: ज्यांच्याकडे १९३३ची मे वेस्ट आहे ते आणि ज्यांच्याकडे ती नाही ते.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं सोपं आहे. आधी १९३३चा ‘शी डन हिम राँग’ दाखवा.

---

भिंगवाला

नेपथ्य, तुलना आवडली, पण एक फरक नजरेआड करू नका. नाटकात पहिली रांगही काही हातांवर असते. कॅमेरा वीतभर अंतरावर येतो. बाबूराव पेंटर यांच्या ‘साध्वी मीराबाई’त (१९३७) बालगंधर्वांनी पडद्यावर स्त्रीभूमिका केली, त्या वेळी ते पन्नाशीच्या आत होते, तरी रंगभूमीवरचं यश त्या चित्रपटाला लाभलं नाही. अंतर गेलं की संकेत गळून पडतो. ‘सेक्सटेट’ मध्यम आणि लांब शॉटमध्ये, म्हणजे मंचाच्या अंतरावरून चित्रित केला असता तर ती वलयं लागलीच नसती आणि तिची देहबोलीही पूर्ण दिसली असती. तिच्या जवळ जायचं आणि मग जवळून दिसू नये म्हणून धुकं करायचं, हा या चित्रपटातला मूळ विरोध आहे.

---

रीळवाली

तिसऱ्या प्रश्नावर, क्रमाने.

जोडी. ‘शी डन हिम राँग’ ६६ मिनिटं, ‘सेक्सटेट’ ९१ मिनिटं. प्रास्ताविक ८ मिनिटं, मध्यंतर १५ मिनिटं धरलं तर तीन तासांत बसतं. क्रम उलटा करू नका. ‘सेक्सटेट’मध्ये तिची जुनी वाक्यं आणि जुने हावभाव वारंवार येतात, मूळ तासाभरापूर्वी पाहिलेलं असलं तर ते ओळखीने हसू आणतात, नाहीतर नुसती विचित्र वाक्यं वाटतात. ‘मायरा ब्रेकिनरिज’ (१९७०) मध्ये घालायचा मोह टाळा. त्यात तिची भूमिका छोटी आहे आणि तो चित्रपट स्वतःच वेगळ्या वादाचा विषय आहे.

दोन पूर्ण चित्रपटांइतका वेळ नसेल तर १९३३च्या चित्रपटातले तीन तुकडे, मिळून २० मिनिटांच्या आत: तिचा पहिला प्रवेश, सलूनमधलं एक गाणं, आणि कॅरी ग्रँटला वर भेटायला ये म्हणते तो प्रसंग. त्यात लुईस बीव्हर्सने केलेली कृष्णवर्णीय मोलकरणीची भूमिका आहे. त्या काळच्या हॉलिवूडची ती ठरीव मांडणी, तिच्याबद्दल एक वाक्य आधी बोलावं.

प्रास्ताविक. वय एकदाच सांगा, पहिल्या मिनिटाला, आणि तो विषय तिथेच सोडा. मग तुरुंगवास, ३९व्या वर्षी पहिला चित्रपट, १९३४पासून कडक झालेली सेन्सॉर संहिता, लास व्हेगास. सेन्सॉरबद्दल एक युक्ती लोकांना आवडेल: ती पटकथेत मुद्दाम काही फार उघडी वाक्यं घालायची, कात्री त्यांवर चालायची आणि जी हवीत ती वाचायची. दादा कोंडके यांचे प्रेक्षक हे खुणेनेच समजतील.

नटांचा कागद. एक पानी, फोटोंसह. कीथ मून वेशभूषाकार आहे, ॲलिस कूपर वेटर, रिंगो स्टार परदेशी दिग्दर्शक. ओळख पटली नाही तर हे प्रसंग मेलेले राहतात. जॉर्ज राफ्टबद्दल दोन ओळी हव्यातच: १९३२च्या तिच्या पहिल्या चित्रपटाचा तो नायक, इथे क्षणभर स्वतःच्याच भूमिकेत येतो. दोघंही नोव्हेंबर १९८०मध्ये गेली, ती २२ला आणि तो २४ला.

प्रोजेक्टर. शार्पनेस शून्यावर. नॉइज रिडक्शन बंद. मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद. भिंगवाला यांनी सांगितलेल्या धूसर शॉटवर हे तिन्ही घात करतात: शार्पनेस केसांभोवती पांढरी रेघ काढतं, नॉइज रिडक्शन फिल्मचा कण खाऊन चेहरा मेणाचा करतं, आणि स्मूदिंगमुळे धूसर शॉट आणि स्वच्छ शॉट यांतला फरक दुप्पट जाणवतो. कॉन्ट्रास्ट लावताना तिचा सोनेरी टोप पाहा. केसांचे थर वेगवेगळे दिसेपर्यंत कॉन्ट्रास्ट खाली आणा. सगळा टोप एकच पांढरा डाग दिसत असेल तर तो जास्त आहे. काळा रंग करडा दिसेल, तो ब्राइटनेस कमी करून ‘सुधारायला’ जाऊ नका. सावलीतले चेहरे बुडतील.

दोन्ही चित्रपटांची चौकट वेगळी आहे. १९३३चा जवळपास चौकोनी, ‘सेक्सटेट’ रुंद. प्लेअर आपोआप ताणत नाही ना हे आधी बघा. ताणलेल्या चित्रात मे वेस्टची बांधेसूद आकृती बेढब दिसते, आणि मग लोक त्यालाही हसतात.

आवाज. पातळी संवादावर ठरवा, गाण्यावर नाही. रिकाम्या सभागृहात ठीक वाटणारा आवाज साठ माणसं बसली की दबतो, म्हणून चाचणीपेक्षा दोन-तीन डेसिबल वर ठेवा, आणि गाणं सुरू झालं की हाताने तेवढंच खाली आणा. ‘हॉल’, ‘सराउंड’ असले कृत्रिम परिणाम बंद. ती कुजबुजत, नाकातून, शब्द ओढत बोलते. जरा घुमलं तरी वाक्य जातं.

उपशीर्षकं. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. उपशीर्षक वाक्याच्या सुरुवातीलाच पूर्ण दिसतं, लोक वाचून हसतात आणि मग ती ते वाक्य म्हणते तेव्हा शांतता असते. तिच्या उशिराच्या लयीमुळे हे अंतर आणखी वाढतं. उपशीर्षकांची फाइल उघडून तिच्या विनोदी वाक्यांचे दोन भाग करा: पहिला भाग आधी, कलाटणीचा भाग तिने उच्चारल्यावर. फाइलमध्ये वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहिलेली असते, संपादन सोपं आहे. सगळ्या वाक्यांना हात लावू नका, नेमकी तीस-चाळीस पुरतात.

परवानगी. विकत घेतलेली डीव्हीडी सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क देत नाही. दोन्ही चित्रपटांची परवानगी वेगळी घ्यावी लागेल. पॅरामाउंटचे १९५०पूर्वीचे बहुतेक चित्रपट आज युनिव्हर्सलकडे आहेत, ‘शी डन हिम राँग’ त्यांतलाच. पत्रव्यवहाराला वेळ लागतो, तारीख जाहीर करण्याआधी सुरू करा.

---

पिटातला प्रेक्षक

सगळ्यांचे आभार. उपशीर्षकांचा मुद्दा कुणाच्याच लक्षात आला नव्हता. दोन उपप्रश्न: (अ) सत्रात देव आनंदचा ‘चार्जशीट’ घ्यावा असं एक सभासद सुचवतात, तो या मालिकेत बसतो का? (आ) चर्चा ‘तुम्हाला आवडला का’ यावरच अडकू नये म्हणून काय करता येईल?

---

तिसरी घंटा

(अ) अखेरचा चित्रपट म्हणून बसतो, कँप म्हणून नाही. ‘चार्जशीट’ ३० सप्टेंबर २०११ला आला, देव आनंद तेव्हा ८८ वर्षांचे, आणि ३ डिसेंबरला लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. निर्मिती नवकेतनची, दिग्दर्शन त्यांचं, मुख्य भूमिका त्यांची, त्यामुळे कुणी वापरून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मे वेस्ट मुद्दाम जुन्या काळात राहिली, ते मात्र प्रत्येक चित्रपटात चालू काळाचा विषय घ्यायचे: क्रिकेट, दहशतवाद, चित्रपटसृष्टीतलं गुन्हेगारी जग. तिथला प्रेक्षक दुभंगतो तो वेगळ्या कारणाने. जुन्या प्रेक्षकाला त्यांची अखंड काम करण्याची जिद्द दिसते, नव्याला ढिली पटकथा दिसते. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘हम दोनों’ रंगीत होऊन पुन्हा प्रदर्शित झाला होता. घ्यायचा असेल तर तो आणि ‘चार्जशीट’ एका दिवशी घ्या, ‘सेक्सटेट’च्या दिवशी नको.

---

गोदाकाठ

(आ) मत विचारू नका, जागा विचारा. मध्यंतरात प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या आणि दोनच गोष्टी लिहायला सांगा: ‘सेक्सटेट’मध्ये तिच्याबरोबर हसलात असा एक प्रसंग आणि हसू थांबलं असा एक प्रसंग. चर्चेआधी चिठ्ठ्या गोळा करून ज्या प्रसंगांची नावं दोन्ही रकान्यांत आली आहेत तेवढेच वाचून दाखवा आणि त्यांतला एक पडद्यावर पुन्हा लावा, या वेळी आवाज बंद करून. कॅमेऱ्याचं धुकं, थांबलेली नजर, भोवती फिरणारे लोक हे सगळं तेव्हा स्पष्ट दिसतं. मग तोच प्रसंग आवाजासह, पडदा न बघता ऐकवा. माझा विरोध कायम आहे, पण हे मान्य करते की नुसतं ऐकताना तिच्या आवाजाचं वय फारसं कळत नाही.

---

रीळवाली

गोदाकाठ यांची कल्पना करणार असाल तर प्रसंगांच्या वेळा (तास, मिनिट, सेकंद) आधी कागदावर टिपून ठेवा, आणि ऐकवताना प्रोजेक्टर बंद न करता चित्र काळं करणारं ‘ब्लँक’ बटण दाबा. बंद केला तर दिवा गार होऊन पुन्हा सुरू व्हायला जुन्या यंत्रांना काही मिनिटं लागतात आणि तोवर लोक उठायला लागतात.